आपल्याच माणसाचा नेम चुकावा म्हणून

१८ मार्च २०२५, मंगळवार. पहाटे साडेपाचला पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मी कानात इअरफोन घालून फोनवर बास्केटबॉल बघत होतो. फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स विरुद्ध ह्यूस्टन रॉकेट्स. सिक्सर्स हा माझा संघ. मोठे खेळाडू दुखापतींमुळे बाहेर, सीझनचं वाटोळं झालेलं. त्या दिवशी क्वेंटिन ग्राइम्स नावाच्या आमच्या पोराने एकट्याने ४६ गुण काढले. सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि आम्ही १४४-१३७ असे हरलो.

मी खूश झालो. हरूनही खूश, असं नाही. हरलो म्हणूनच खूश.

बायको उठून बाहेर आली आणि तिने विचारलं, "जिंकले का?" मी म्हटलं, "नाही, हरले, बरं झालं." ती काही सेकंद माझ्याकडे बघत उभी राहिली आणि चहा टाकायला गेली. तिला समजावून सांगायला मला पुढची वीस मिनिटं लागली. सांगताना प्रत्येक वाक्य तर्काला धरून होतं, आणि तरी शेवटी ती म्हणाली, "मग एवढ्या पहाटे उठून बघतोस कशाला?" हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे.

ज्यांना एनबीएचा गंध नाही त्यांच्यासाठी आधी नियम सांगतो. अमेरिकेतल्या या लीगमध्ये ३० संघ आहेत. दरवर्षी नवे, तरुण खेळाडू लीगमध्ये येतात ते 'ड्राफ्ट'मधून. संघ एकामागून एक आपापला खेळाडू निवडतात. पहिली निवड कोणाची, हे ठरवताना दुबळ्या संघांना झुकतं माप दिलं जातं. हेतू चांगला आहे: खालच्याला वर यायची संधी मिळावी. पण याचा दुसरा अर्थ असा की, जितकं जास्त हराल तितकं मोठं बक्षीस मिळण्याची शक्यता. म्हणून प्लेऑफची आशा संपलेले संघ चांगल्या खेळाडूंना 'विश्रांती' देतात, अनुभवी लोकांना विकून टाकतात आणि कच्ची पोरं मैदानात उतरवतात. याला म्हणतात टँकिंग. मार्च-एप्रिल आला की माझ्यासारख्या चाहत्यांपुढे प्रश्न उभा राहतो: आपला संघ जिंकावा असं वाटू द्यायचं, की हरावा असं?

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हा प्रश्नच विचित्र वाटतो. आयपीएलमध्ये दहाव्या नंबरच्या संघाला लिलावात जास्त पैसे मिळत नाहीत. खर्चाची मर्यादा सगळ्यांना सारखी. त्यामुळे आपला संघ शेवटी यावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेला चाहता तिथे सापडणार नाही. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाला गेलात तर थेट खालच्या लीगमध्ये हकालपट्टी. एनबीएत हकालपट्टी नाही, उलट तळाला बक्षीस आहे. म्हणजे चाहत्याच्या मनातली ही फूट निसर्गाने घातलेली नाही, नियमांनी घातलेली आहे. आणि नियमांचा इतिहास बघितला तर लीग चाळीस वर्षं स्वतःच्याच नियमातला हा बग काढायचा प्रयत्न करते आहे.

सुरुवातीला दोन्ही विभागांतल्या सगळ्यांत वाईट संघांमध्ये नाणेफेक व्हायची. ह्यूस्टनने १९८३ आणि १९८४, दोन्ही वर्षी ती जिंकली. १९८३-८४मध्ये ते मुद्दाम हरले, असे आरोप झाले. मग १९८५पासून सोडत आली, म्हाडाच्या घरांची असते तशी. आधी सात संघांना समान संधी. मग १९९०पासून जास्त वाईट संघाला जास्त चिठ्ठ्या. १९९३मध्ये ऑर्लँडोने ६६पैकी एकाच चिठ्ठीवर पहिला नंबर पटकावला, तेव्हा बोंबाबोंब झाली आणि तळाच्या संघाची शक्यता २५ टक्क्यांपर्यंत वाढवली. त्याने टँकिंग वाढलं. म्हणून २०१९पासून ती पुन्हा कमी केली: तळाच्या तीनही संघांना सारखीच, १४ टक्के. प्रॉडक्शनमध्ये एक बग दुरुस्त करायला जावं आणि त्यातून दुसरा निघावा, हे रोज बघणाऱ्या माणसाला ही कहाणी घरचीच वाटते.

* * *

मी सिक्सर्सचा चाहता झालो तेच मुळी ते हरत होते म्हणून. २०१५ साली इंजिनिअरिंगला गेलो. हॉस्टेलवरचा रूममेट नागपूरचा, लहानपणापासून बास्केटबॉल खेळणारा. त्याने मला एनबीए बघायला लावलं आणि म्हणाला, "भावा, संघ निवडायचा तर सगळ्यात बेकार निवड. वर जाताना मजा येईल." त्या वर्षी सगळ्यात बेकार कोण याबद्दल वाद नव्हता. सिक्सर्सनी त्या सीझनमध्ये ८२पैकी १० सामने जिंकले. त्याआधीच्या दोन वर्षांत १९ आणि १८. तीन वर्षांत ४७ विजय, १९९ पराभव.

हे अपघाताने घडत नव्हतं. सॅम हिंकी नावाचा माणूस २०१३मध्ये संघाचा जनरल मॅनेजर झाला आणि त्याने चांगले खेळाडू देऊन भविष्यातल्या निवडी गोळा करायला सुरुवात केली. त्याचं म्हणणं असं की, लीगमध्ये सगळ्यात वाईट जागा तळाची नाही, मधली आहे. दरवर्षी आठवे-नववे येणारे संघ कधी जिंकत नाहीत आणि त्यांना मोठा खेळाडूही मिळत नाही. बास्केटबॉलमध्ये एका बाजूने पाचच माणसं खेळतात, त्यामुळे एक असामान्य खेळाडू सगळा संघ बदलून टाकतो. असा खेळाडू मिळवायचा बऱ्याच शहरांपुढचा एकमेव रस्ता म्हणजे ड्राफ्ट. तेव्हा थोडी वर्षं हरा. चाहत्यांनी या योजनेला नाव दिलं 'द प्रोसेस', आणि 'ट्रस्ट द प्रोसेस' ही घोषणा झाली.

इंजिनिअर पोरांना हे किती गोड वाटलं असेल याची कल्पना करा. दुसऱ्या वर्षाला आम्हाला ऑप्टिमायझेशन शिकवलं. छोट्या टेकडीच्या माथ्यावर अडकलेल्या अल्गोरिदमला मोठ्या डोंगरावर जायचं असेल तर आधी खाली उतरावं लागतं. सगळे उतरायला घाबरतात, हिंकी घाबरला नाही. मी स्वतः बारावीनंतर एक वर्ष ड्रॉप घेऊन आलो होतो. नातेवाइकांचे टोमणे खाऊन, एक वर्ष 'वाया' घालवून. मला हिंकी म्हणजे माझीच बाजू मांडणारा वकील वाटला.

एप्रिल २०१६मध्ये त्याने राजीनामा दिला, १३ पानांचं पत्र लिहून. पत्र संघाच्या मालकांना होतं, पण ते बाहेर आलं आणि जगभर वाचलं गेलं. आम्ही हॉस्टेलच्या गच्चीत ते मोठ्याने वाचलं होतं. त्यात अब्राहम लिंकन आहे, न्यूझीलंडचा नामशेष झालेला मोआ पक्षी आहे, आणि सुरुवातीलाच डॉक्टर-लेखक अतुल गावंडे आहेत, ज्यांच्या वडिलांचं गाव विदर्भातलं उटी. रूममेट त्या नावावर थांबून "आपला माणूस!" असं ओरडला होता. हा लेख लिहिण्याआधी मी ते पत्र पुन्हा वाचलं. हुशार माणसाने लिहिलेलं पत्र आहे यात आजही शंका नाही. त्यात लांबचं बघण्याबद्दल आहे, स्वतःच्या अंदाजांवर शंका घेण्याबद्दल आहे, संयमाबद्दल आहे. पण या वेळी मला दुसरंच काहीतरी जाणवलं. हे पत्र गुंतवणूकदारांना लिहिलेलं आहे. ते त्यांच्याच भाषेत आहे, आणि ते योग्यच आहे, कारण संघ त्यांच्या मालकीचा होता. मी एकोणीस वर्षांचा पोरगा, हॉस्टेलच्या गच्चीत बसून, मालकांना आलेलं पत्र स्वतःला आल्यासारखं वाचत होतो.

माझ्या मते चाहत्यांची गफलत इथे सुरू होते.

* * *

आधी टँकिंगच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य करतो. तळाला जाण्याने संघांचं भलं झालेलं आहे. १९९६-९७मध्ये डेव्हिड रॉबिन्सन जखमी झाला, सॅन अँटोनियो स्पर्स २० सामनेच जिंकले, आणि त्यांना टिम डंकन मिळाला. पुढे पाच विजेतेपदं. २०२३मध्ये त्यांनाच विक्टर वेम्बान्यामा मिळाला. ओक्लाहोमा सिटी थंडर दोन सीझन तळाजवळ होते, त्यातून चेट होल्मग्रेन आला आणि २०२५मध्ये ते विजेते झाले. एप्रिल २०२३मध्ये डॅलसने शिकागोविरुद्धच्या सामन्यात आपले खेळाडू बसवून ठेवले, साडेसात लाख डॉलर्सचा दंड भरला, पण निवड वाचवली. त्यातून त्यांच्याकडे आलेला डेरेक लाइव्हली पुढच्याच वर्षी अंतिम फेरीत खेळत होता. व्यवस्थापनाच्या खुर्चीत बसलात तर हा हिशेब मूर्खपणाचा नाही.

पण हिशेबच करायचा तर नीट करू. २०१९ ते २०२५ या सात सोडतींमध्ये सगळ्यात वाईट संघाला पहिला नंबर एकदाही मिळालेला नाही. एकदाही! २०२४मध्ये अटलांटाला ३ टक्के शक्यतेवर मिळाला. २०२५मध्ये डॅलसला १.८ टक्क्यांवर, लुका डॉन्चिचला विकून झाल्यावर तीन महिन्यांनी. डेट्रॉइटची कथा तर बघवत नाही. २०२२-२३मध्ये १७ विजय, सगळ्यात तळाला, आणि सोडतीत पाचवा नंबर. पुढच्या वर्षी त्याहून वाईट: १४ विजय, सलग २८ पराभव, आणि पुन्हा पाचवा नंबर. यात नशीब फुटकं असं म्हणायचीही सोय नाही, कारण त्या वेळच्या नियमांत तळाच्या संघाला पाचवी निवड मिळण्याची शक्यताच ४७.९ टक्के होती. बाकी कुठल्याही एका नंबरापेक्षा जास्त.

शिवाय निवड मिळाली म्हणजे खेळाडू मिळाला असं नाही. जान्निस २०१३मध्ये पंधरावा निवडला गेला. निकोला योकिच २०१४मध्ये एक्केचाळिसावा. त्याचं नाव आलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. या दोघांनी आपापल्या संघांना विजेतेपद मिळवून दिलं. थंडरचा शे गिल्जस-अलेक्झांडर अकरावा होता आणि तो त्यांना पराभवातून नाही, एका खेळाडूच्या बदल्यात मिळाला. आणि आमचे सिक्सर्स? २०१७मध्ये त्यांच्याकडे तिसरी निवड होती. ती आणि वर आणखी एक निवड बॉस्टनला देऊन त्यांनी पहिला नंबर विकत घेतला आणि मार्केल फुल्ट्झला उचललं. बॉस्टनने तिसऱ्या नंबरावर जेसन टेटमला घेतलं. फुल्ट्झचा खांदा बिघडला, नेम गेला. टेटम २०२४चं विजेतेपद घेऊन बसला. एवढी वर्षं हरून, एवढा हिशेब करून, 'प्रोसेस'नंतरचे सिक्सर्स मी हे लिहितो आहे तोवरच्या आठवणीत कधी दुसऱ्या फेरीपुढे गेलेले मला दिसले नाहीत.

तरीही आकड्यांवर मी हा वाद जिंकायला बघत नाही. समजा टँकिंग दर वेळी यशस्वी झालं असतं, तरी चाहत्याने हरण्याची इच्छा करावी, हे त्यातून निघत नाही. कारण चाहत्याच्या इच्छेने सोडतीतला एकही चेंडू हलत नाही. मॅनेजर हरायचं ठरवतो तेव्हा तो काहीतरी करत असतो, त्याची किंमत मोजत असतो. हिंकीने तर नोकरीने मोजली. मी पुण्यात बसून हरण्याची इच्छा करतो तेव्हा संघाला काही मिळत नाही. बदलतो तो फक्त मी. मग प्रश्न एवढाच राहतो: त्या इच्छेने मी कसा माणूस होतो?

* * *

तिसऱ्या वर्षाला असताना मी कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये होतो. होतो म्हणजे अकरावा होतो. टीम दहाची धरली तर तुम्ही समजून घ्या.

एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही गटातले पहिले दोन सामने जिंकलो. तिसरा सामना ज्यांच्याशी होता त्यांनीही दोन जिंकले होते. जो जिंकेल तो गटात पहिला. अडचण अशी की, दुसऱ्या गटात यजमान कॉलेज, गेल्या वर्षीचे विजेते, एक सामना हरून दुसरे आले होते. म्हणजे आमच्या गटात जो पहिला येईल त्याची उपांत्य फेरी यजमानांशी. जो दुसरा येईल त्याला सोपा संघ. सर काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "आज बाकीच्या पोरांना खेळू दे, मेन पोरांना आराम."

माझ्या आयुष्यातला तो एकमेव सामना, ज्यात मी सुरुवातीपासून मैदानात होतो. आदल्या रात्री मला झोप लागली नव्हती. आई-बाबांना फोन करून सांगितलं होतं. आणि आम्ही चांगलं खेळलो. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. मी एक चेंडू हिसकावला, पळत जाऊन टाकला, तो गेला, आणि सवयीने मी आमच्या बेंचकडे बघितलं.

बेंच गप्प होता. कोणी टाळी वाजवली नाही. कॅप्टन बुटाच्या लेस बांधत होता. रोज संध्याकाळी सोबत घाम गाळणारी पोरं, एकाच ताटात जेवणारी, आणि त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की माझा नेम चुकला असता तर बरं झालं असतं. पुढच्याच मिनिटाला सरांनी आमच्यातल्या सगळ्यात चांगलं खेळणाऱ्या पोराला बाहेर बोलावलं. आम्ही चार गुणांनी हरलो. दुसऱ्या दिवशी मेन पोरं सोप्या संघाशी खेळली आणि हरली. पण मला हे सांगायचं नाही. ते जिंकले असते तरी तो बेंच मला तसाच आठवला असता.

लंडन ऑलिंपिकमध्ये, २०१२ साली, बॅडमिंटनच्या चार जोड्यांना याच कारणावरून बाद केलं होतं. सोपा ड्रॉ मिळावा म्हणून त्या मुद्दाम हरत होत्या आणि प्रेक्षक हुर्यो करत होते. त्या प्रेक्षकांना काय कळलं होतं ते मला त्या दिवशी कळलं. हिशेब चूक नव्हता. पण जो खेळ बघायला ते आले होते तो समोर चालूच नव्हता.

आता एनबीएत मुद्दाम हरणाऱ्या संघाकडे बघा. मैदानात कोण असतं? मोठे खेळाडू बाहेर बसलेले असतात. खेळत असतात ते अकरावे, बारावे, दहा दिवसांच्या करारावर आलेले, ड्राफ्टमध्ये कोणीच न निवडलेले. हरायचं ठरवलेलं असतं ते वरच्या केबिनमध्ये. त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, आणि सांगितलं तरी ते ऐकणार नाहीत. तो सामना त्यांच्यासाठी फायनल असतो. त्या रात्री ते कसे खेळले यावर पुढच्या वर्षी लीगमध्ये राहायचं की नाही हे ठरणार असतं.

टी. जे. मॅकॉनेल असाच. २०१५च्या ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही. सिक्सर्सच्या दहा विजयांच्या त्या भिकार सीझनमध्ये त्याला जागा मिळाली, कारण संघाला जिंकायचंच नव्हतं. बुटका, हळू, पण प्रत्येक चेंडूवर झडप घालणारा. जानेवारी २०१७मध्ये न्यूयॉर्क निक्सविरुद्ध त्याने शेवटच्या क्षणी वळून फटका टाकला आणि आम्ही ९८-९७ जिंकलो. भारतात गुरुवारची सकाळ होती. हॉस्टेलवर रूममेटने मला उचललं होतं, आणि खाली उतरल्या उतरल्या माझ्या तोंडून निघालं होतं, "अरे पण आपला नंबर घसरला!" त्याने मला तसंच सोडून दिलं आणि आंघोळीला गेला.

तोच मॅकॉनेल २०२५मध्ये इंडियाना पेसर्सकडून एनबीएची अंतिम फेरी खेळला. बेंचवरून उठून यायचा आणि सामना हलवायचा. ओक्लाहोमाने ती मालिका ४-३ जिंकली, पण त्याला बघताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: हा आमचा होता, आणि याने ज्या रात्री जीव तोडून आम्हाला जिंकवलं त्या रात्री मी सोडतीचे टक्के मोजत होतो. 'प्रोसेस'मधून निघालेला रॉबर्ट कव्हिंग्टनही ड्राफ्टबाहेरचा. २०१८मध्ये तो लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या संघात होता. म्हणजे त्या तीन वर्षांतून जे खरोखर उगवलं त्यातलं बरंचसं पराभवातून नाही, पराभव नाकारणाऱ्या माणसांतून उगवलं.

* * *

इथे चलाख चाहता म्हणेल, आमचं म्हणणं असं नाहीच. आम्हाला वाटतं पोरांनी उत्तम खेळावं, आणि संघ थोडक्यात हरावा. ग्राइम्सने ४६ काढावेत आणि ओव्हरटाइममध्ये पराभव. पोरगं तयार झालं, नंबरही टिकला. दोन्ही साधलं.

मी या भूमिकेत दहा वर्षं राहिलोय, त्यामुळे ती आतून माहीत आहे. तिच्यात एक बारीक लबाडी आहे. ग्राइम्सला ४६ गुण काढायचे नव्हते, त्याला जिंकायचं होतं; ४६ गुण हा त्याचा रस्ता होता. मी त्याच्याकडून रस्ता घेतला आणि जिथे जायचं ते ठिकाण त्याला मिळू नये असं म्हणालो. त्या क्षणी तो माझ्यासाठी खेळाडू नव्हता, किंमत वाढत असलेला शेअर होता. ड्रॉप वर्षाशी तुलना करताना मी हेच विसरलो होतो. ड्रॉप घेणारा पोरगा मुद्दाम नापास होत नाही. तो आदल्या वर्षापेक्षा जास्त जीव लावतो. नव्या पोरांना घेऊन संघ उभारणं आणि त्यांनी हरावं म्हणून बसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. अनुभवी लोक विका, विशीतल्या पोरांना खेळवा, चार वर्षं थांबा, सगळं मान्य. पण चेंडू एकदा वर उडाला की आपल्या पोराचा नेम लागावा, एवढं तरी वाटलं पाहिजे.

नाही वाटलं तर काय होतं, ते मला १३ मे २०१९ला कळायला हवं होतं. शेवटच्या वर्षाची सबमिशन्स चालू होती. पहाटेपासून आम्ही टोरांटोविरुद्धचा सातवा सामना बघत होतो. बरोबरी, शेवटचे क्षण, कवाय लेनर्डने कोपऱ्यातून फटका टाकला. बझर वाजला, चेंडू कड्यावर चार वेळा उडाला आणि आत पडला. सिक्सर्स बाहेर. एम्बीड मैदानाबाहेर जाताना ढसाढसा रडत होता. रूममेट, जो सिक्सर्सचा चाहताही नव्हता, डोकं धरून बसला. आणि मी? मी लॅपटॉप उघडून पुढच्या वर्षीचा पगारांचा तक्ता काढला. जिमी बटलरला थांबवायचं तर किती जागा उरते. मला वाटलं होतं मी समंजस झालोय. खरं म्हणजे जे दुःख व्हायला पाहिजे होतं ते होण्याची जागाच शिल्लक नव्हती. चार वर्षं पराभव चांगले असतात असं स्वतःला शिकवलं होतं. शिकवलेलं असं हव्या त्या दिवशी पुसता येत नाही.

बरोबर सहा वर्षांनी, १३ मे २०२५च्या पहाटे, मी सोडत बघायला उठलो. आमची निवड पहिल्या सहांत आली नसती तर ती ओक्लाहोमाला गेली असती. वाचण्याची शक्यता साधारण ६४ टक्के. तिसरा नंबर लागला. मी किंचाळलो, शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. त्या सीझनमधला माझा सगळ्यात मोठा जल्लोष तो. त्यात मैदान नव्हतं, खेळाडू नव्हता, बास्केटबॉलही नव्हता. पिंगपाँगचे चेंडू होते, बंद खोलीत काढलेले. बायकोचा प्रश्न आठवला आणि ओशाळलो.

* * *

दोष सगळा चाहत्यांचा नाही, हे पुन्हा सांगतो. नियम बदलता येतात. अमेरिका-कॅनडातल्या महिलांच्या आइस हॉकी लीगमध्ये, पीडब्ल्यूएचएलमध्ये, एक साधी युक्ती आहे: प्लेऑफमधून बाद झाल्यानंतर जो संघ जास्त गुण मिळवेल त्याला आधी निवड. दुबळा संघ लवकर बाद होतो, त्यामुळे त्याला गुण मिळवायला जास्त सामने मिळतात. म्हणजे मदत दुबळ्यालाच, पण जिंकून. अशा लीगच्या चाहत्याला शेवटच्या महिन्यातही मन दुभंगून बसावं लागत नाही. एनबीएने असं काही करेपर्यंत मॅनेजर लोक त्यांचा हिशेब करत राहतील. करू देत. त्याचे त्यांना पैसे मिळतात.

मला पैसे मिळत नाहीत. मला मिळते ती एकच गोष्ट: माझ्या ओळखीचं कोणी नसलेल्या शहरातला एक बारावा खेळाडू पळत जाऊन चेंडू टाकतो तेव्हा दोन सेकंद श्वास अडकणं. तो गेला तर ओरडणं, नाही गेला तर चुकचुकणं. हे सोडून दिलं तर पहाटे साडेपाचला उठायचं काही कारण राहत नाही. सोडतीचा निकाल सकाळी नऊला फोनवर आपोआप येतो.

तेव्हा बायकोच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: यापुढे जिंकण्यासाठी बघणार. पुढचा सीझन भिकार गेला तरी, शेवटच्या आठवड्यात नंबर घसरला तरी. मला माहीत आहे, हे लिहिणं सोपं आहे आणि एप्रिलमध्ये हात आपोआप टक्के बघायला जाणार आहे. गेला तर जाऊ दे, पण सामना संपल्यावर. चालू सामन्यात मी कुठल्या बेंचवर बसलोय, हे मला आता विसरायचं नाही. त्या बेंचकडे बघणारा पोरगा कधीतरी मी होतो.